हवा गेली की गाडी थांबते: जॉर्ज वेस्टिंगहाऊसची गोष्ट

दिवाळीच्या आसपास भंडारा-तुमसर रस्त्यावर किंवा लाखनी-साकोलीकडे बाईक चालवली असेल, तर धानाची पोती लादलेल्या ट्रॉलीच्या मागे तुम्ही नक्की अडकला असाल. पुढच्या वेळी अडकलात तर एक गोष्ट बघा. ट्रॅक्टरला ब्रेक आहेत. ट्रॉलीला आहेत का? बहुतेक ट्रॉल्यांना नसतात. एक लोखंडी पिन, एक हूक, आणि मागे कित्येक टन धान.

यातलं गणित सोपं आहे. समजा ट्रॅक्टर २ टनांचा आणि भरलेली ट्रॉली ६ टनांची. एकूण वजन ८ टन, म्हणजे त्याच वेगाला थांबवायची ऊर्जा एकट्या ट्रॅक्टरच्या चौपट. ब्रेक मात्र तेच, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे. ढोबळमानाने थांबायचं अंतरही चौपट. त्यातून ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि ट्रॉली त्याला मागून ढकलत राहते. उतारावर किंवा वळणावर ही ढकल तिरकी बसली की दोन्ही गाड्या चाकूसारख्या मिटतात. आणि पिन निसटली तर ट्रॉली एकटीच जाते, कुठे जाईल ते तिच्या हातात.

खेचल्या जाणाऱ्या गाडीला ब्रेक कसा लावायचा हा प्रश्न एका माणसाने वयाच्या विशीतच सोडवला होता, तोही दीडशे वर्षांपूर्वी. त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस. तुम्ही हे नाव टेस्ला आणि एडिसनच्या भांडणातला तिसरा माणूस म्हणून ऐकलं असेल. माझ्या मते त्याचं मोठं काम ते नव्हतंच.

मळणीयंत्रांच्या कारखान्यातला मुलगा

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या गावचा. घरात दहा भावंडं, हा आठवा. वडिलांचा शेतीची अवजारं आणि मळणीयंत्रं बनवायचा कारखाना होता. १८५६ मध्ये सगळं बिऱ्हाड स्केनेक्टडी शहरात आलं आणि जॉर्ज शाळेपेक्षा कारखान्यातच जास्त रमला. आपल्याकडे ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात मालकाचा मुलगा दहाव्या वर्षी ग्राइंडर धरतो ना, तसंच काहीसं.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. पोरगा वयाची विशी गाठायच्या आत उत्तरेच्या सैन्यात घोडदळात गेला आणि शेवटी शेवटी नौदलात इंजिनिअर म्हणून जहाजावर. युद्ध संपल्यावर स्केनेक्टडीच्याच युनियन कॉलेजमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच टर्ममध्ये कॉलेज सोडलं. (आपल्या घरी हे सांगून बघा.) त्याच वर्षी, १८६५ मध्ये, गोल फिरणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं पहिलं पेटंट त्याच्या नावावर झालं. वय १९. ते इंजिन काही चाललं नाही. पण रुळावरून घसरलेला डबा परत रुळावर चढवायचं एक साधन त्याने बनवलं, ते विकलं गेलं आणि त्यामुळे रेल्वेवाल्यांशी ओळखी झाल्या.

१८६६ मध्ये तो एका प्रवासात अडकला. स्केनेक्टडी आणि ट्रॉय यांच्या मध्ये दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. दिवस उजेडाचा, रूळ सरळ, धुकं नाही, काही नाही. दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसली होती. फक्त थांबवता आली नाही.

का आली नाही, हे समजून घ्यायला त्या काळचा ब्रेक बघावा लागेल. प्रत्येक डब्यावर एक लोखंडी चाक असायचं, ते हाताने फिरवलं की साखळी आवळली जायची आणि लाकडी किंवा लोखंडी ठोकळा डब्याच्या चाकाला घासायचा. ही चाकं फिरवायला ब्रेकमन नावाची माणसं असायची. ड्रायव्हरने शिट्टी दिली की हे गडी मालगाडीच्या टपावरून पळायचे, एका डब्याचा ब्रेक आवळायचा, उडी मारून पुढच्या डब्यावर, तिथला आवळायचा. पावसात, बर्फात, रात्री, चालत्या गाडीवर. टपावरून घसरून मरणाऱ्यांची कमी नव्हती, आणि नवीन ब्रेकमन मिळायचीही कमी नव्हती, म्हणून कंपन्यांना घाई नव्हती.

तीन प्रयत्न

वेस्टिंगहाऊसचा पहिला विचार असा: इंजिनाने ब्रेक लावला की मागचे डबे पुढच्यावर येऊन आपटतात. मग त्या धक्क्यानेच त्यांचे ब्रेक लागले तर? कल्पना वाईट नव्हती. आज युरोपात कारमागे ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरला नेमका हाच ब्रेक असतो. कार हळू झाली की ट्रेलर तिला ढकलतो, जोडणीतला दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. एका ट्रेलरला हे चालून जातं, लांब गाडीला नाही.

दुसरा विचार वाफेचा. इंजिनात वाफ आहेच, ती पाइपातून मागे न्यायची. पण मागे जाईपर्यंत वाफ थंड होते, तिचं पाणी होतं. गेली ताकद.

तिसरा विचार एका मासिकातून आला. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स पर्वतात तेव्हा माँ सेनी बोगदा खोदणं चालू होतं. तिथे खडक फोडायची यंत्रं दाबलेल्या हवेवर चालायची, आणि ती हवा बाहेरून शेकडो मीटर लांब पाइपातून आत जायची. हवा थंड होऊन पाणी होत नाही. हे वाचलं आणि त्याचं काम झालं.

१८६८ मध्ये तो पिट्सबर्गला गेला, राल्फ बॅगली नावाचा पैसे लावणारा मित्र मिळाला, आणि एका रेल्वे कंपनीने गाडी वापरायला दिली, पण गाडीचं काही नुकसान झालं तर भरपाई तुमची, या अटीवर. त्याआधी व्हँडरबिल्टसारख्या रेल्वेच्या शेठने त्याला वाऱ्याने गाडी थांबवणारा वेडा ठरवून घालवून दिल्याचा किस्सा सांगतात. किस्सा नक्की असाच घडला असेल असं नाही, पण गुंतवणूकदारांचा नकार कसा असतो हे स्टार्टअपवाल्यांना सांगायला नको.

चाचणीच्या गाडीचा ड्रायव्हर होता डॅनियल टेट. पिट्सबर्गच्या स्टेशनातून गाडी निघाली, बोगद्यातून बाहेर पडली, आणि समोर क्रॉसिंगवर एक घोडागाडी. घोडे बिथरले, गाडीवान रुळावर पडला. टेटने नवीन दांडा फिरवला. मागच्या डब्यातले पाहुणे खुर्च्यांवरून खाली आले आणि गाडी त्या माणसाच्या काही फूट अलीकडे थांबली. ठरवलेली चाचणी व्हायच्या आधीच खरी चाचणी होऊन गेली. १३ एप्रिल १८६९ ला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनी निघाली. मालकाचं वय २२.

खरी अक्कल १८७२ ची

आता लक्ष द्या, कारण इथेच सगळं आहे.

१८६९ चा ब्रेक असा होता: इंजिनावर हवा दाबणारा पंप, एक टाकी, आणि सगळ्या डब्यांखालून जाणारा पाइप. ड्रायव्हरने वाल्व उघडला की हवा पाइपातून मागे धावते आणि प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमधला दट्ट्या ढकलून ब्रेक लावते. हवा आली की ब्रेक. सरळ.

दोन भानगडी. एक, हवा मागे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे पुढचे डबे आधी थांबतात आणि मागचे त्यांच्यावर आदळतात. दुसरी जास्त भयंकर. मधला पाइप फुटला किंवा गाडी तुटून दोन तुकडे झाले तर? हवा बाहेर. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच क्षणी ब्रेक गायब.

वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये सगळं उलटं केलं. पाइपात हवा कायम भरलेली ठेवायची. प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी टाकी द्यायची, ती त्याच पाइपातून भरत राहील. आणि टाकी, पाइप, सिलिंडर या तिघांच्या मध्ये एक वाल्व बसवायचा. त्याची तीन कामं: टाकी भरणं, ब्रेक लावणं, ब्रेक सोडणं. म्हणून नाव ट्रिपल वाल्व. हा वाल्व एकच गोष्ट बघतो: पाइपातला दाब जास्त की टाकीतला? पाइपातला जास्त असेल तर टाकी भरत राहा आणि ब्रेक मोकळे ठेव. पाइपातला कमी झाला तर टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोड, ब्रेक लाव.

म्हणजे ड्रायव्हर आता हवा पाठवून ब्रेक लावत नाही, हवा काढून लावतो. पाइप फुटला, हवा गेली, ब्रेक लागला. गाडी तुटली, दोन्ही तुकड्यांचे पाइप उघडे पडले, दोन्ही तुकडे आपोआप थांबले. बिघाड हाच थांबण्याचा हुकूम.

आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हेच रोज करतो. सर्व्हर दर काही सेकंदांनी जिवंत असल्याचा सिग्नल पाठवतो. तो सिग्नल यायचा थांबला की समोरचा गृहीत धरतो की गडबड आहे आणि सुरक्षित मार्ग पकडतो. काहीतरी बिघडलंय असा मेसेज यायची वाट बघत बसलात तर तो मेसेज पाठवणाराच मेलेला असू शकतो. वेस्टिंगहाऊसला हे पितळ आणि लोखंडात सुचलं होतं, बीजगणिताची एक ओळ न लिहिता.

भंडारा रोड स्टेशनवरून ट्रेनने गेला असाल तर हे तुम्ही कानाने ऐकलंय. गाडी थांबताना डब्याखालून फुस्स असा आवाज येतो, ती हीच हवा. डब्यातली धोक्याची साखळी ओढली की काय होतं? ड्रायव्हरला बेल वाजते असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं म्हणजे साखळी त्या पाइपाचा एक वाल्व उघडते, हवा निघायला लागते, ब्रेक धरायला लागतात आणि ड्रायव्हरला काट्यावर दाब पडलेला दिसतो.

इंग्लंड आणि आपल्याकडे आलेला वेगळा ब्रेक

पुढची काही वर्षं वेस्टिंगहाऊस इंग्लंडच्या वाऱ्या करत होता. १८७८ मध्ये कॅप्टन डग्लस गॅल्टन यांच्यासोबत ब्रायटनच्या मार्गावर त्याने प्रयोग केले आणि एक विचित्र गोष्ट मोजून दाखवली: चाक पूर्ण जाम झालं आणि घसरायला लागलं की पकड वाढत नाही, कमी होते. सगळ्यात चांगला ब्रेक म्हणजे चाक जाम व्हायच्या किंचित आधीचा. आज तुमच्या बाईकमधलं एबीएस सेकंदाला कित्येकदा हेच सांभाळतं.

ब्रिटिश कंपन्यांपैकी बऱ्याच जणांना मात्र व्हॅक्यूम ब्रेक आवडला. तिथे पाइपातून हवा ओढून घ्यायची आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने ब्रेक हाताळायचा. यातही साधा आणि आपोआप लागणारा असे दोन प्रकार होते. साधा प्रकार किती महागात पडतो ते १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे दिसलं. सहलीची गाडी चढावर अडकली, म्हणून तिचे दोन भाग केले. मागचे डबे सोडवताच त्यांचा ब्रेक गेला, कारण तो साधा होता. डबे उताराने मागे पळाले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं मेली, त्यात मुलं खूप होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला.

भारतात रेल्वे इंग्रजांची, त्यामुळे ब्रेकही त्यांच्या आवडीचा. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात आपल्या भागातून गेली, मग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली, आणि पुढे जवळपास शंभर वर्षं भारतात व्हॅक्यूम ब्रेकच चालला. त्याची अडचण साधी आहे. निर्वात कितीही चांगला केलात तरी बाहेरचा दाब एक वातावरणापेक्षा जास्त मिळणार नाही. प्रत्यक्षात तर त्याचेही जेमतेम दोन तृतीयांश. दाबलेल्या हवेला अशी मर्यादा नाही. आपल्या रेल्वेच्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब असतो. साधारण १९८० नंतर बॉक्सएन वाघिणी आल्या, गाड्या लांब आणि जड झाल्या, आणि भारतीय रेल्वेने हळूहळू सगळा ताफा हवेच्या ब्रेकवर आणला. आपल्या तुमसर भागातलं मँगनीज असो की छत्तीसगडचा कोळसा, आज वरठीवरून जाणारी प्रत्येक मालगाडी वेस्टिंगहाऊसच्या तत्त्वावर थांबते.

पन्नास डबे

अमेरिकेत मालगाड्यांसाठी कुणाचा ब्रेक घ्यायचा यावर १८८६ आणि १८८७ मध्ये आयोवातल्या बर्लिंग्टनला मोठ्या चाचण्या झाल्या. पन्नास डब्यांची गाडी, अर्ध्या किलोमीटरहून लांब. १८८६ ला सगळेच नापास, वेस्टिंगहाऊससुद्धा. एकदम ब्रेक लावला की शेवटच्या डब्यापर्यंत खबर पोचायला इतका वेळ जायचा की मागचे डबे हातोड्यासारखे आदळायचे, आत बसलेली माणसं फेकली जायची. पुढच्या वर्षी तो सुधारून आला, तरी पुरेसं झालं नाही. परीक्षक म्हणाले, आता वीज लागेल.

त्याने वीज लावली नाही. ट्रिपल वाल्वमध्येच बदल केला: दाब झपकन पडला तर प्रत्येक डब्याचा वाल्व पाइपातली थोडी हवा तिथल्या तिथे काढून घेईल. म्हणजे पहिल्या डब्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला खबर पुढे ढकलायची. आता शेवटच्या डब्याचा ब्रेक दोन-अडीच सेकंदांत लागायला लागला. पाइपातून ही खबर आवाजाच्या वेगापेक्षा वेगाने जाऊच शकत नाही, आणि तेवढं अंतर कापायला आवाजालाही पावणेदोन सेकंद लागतात. म्हणजे बघा, निसर्गाच्या मर्यादेला गडी जवळजवळ टेकला होता. मग पन्नास डब्यांची गाडी घेऊन तो शहरोशहरी दाखवत फिरला. २ मार्च १८९३ ला अमेरिकेत कायदाच झाला आणि रेल्वे कंपन्यांना हे ब्रेक बसवावे लागले. त्यासाठी लोरेन्झो कॉफिन नावाचा आयोवाचा एक माणूस वर्षानुवर्षं ब्रेकमनच्या जिवासाठी खासदारांच्या मागे लागला होता; ब्रेकच्या इतिहासात त्याचंही नाव हवं.

विजेचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. १८८६ मध्ये वेस्टिंगहाऊसने विजेची कंपनी काढली, १८८८ मध्ये टेस्लाची पेटंटं घेतली, एडिसनशी भांडला, १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसी विजेने उजळवलं आणि नायगाराची वीज बफेलोला नेली. मग १९०७ च्या आर्थिक संकटात बँकांनी ती विजेची कंपनी त्याच्या हातातून काढून घेतली. ब्रेकची कंपनी राहिली.

मग ट्रॉलीचं काय?

हेच तत्त्व रस्त्यावर आलं. गडेगावच्या रस्त्याने जाणारे मोठे ट्रेलर बघा: केबिनच्या मागे दोन गुंडाळलेले पाइप, एक लाल, एक पिवळा. लाल पाइप ट्रेलरच्या टाकीला हवा पुरवतो, तो तुटला की ट्रेलरचे ब्रेक स्वतःच लागतात. पिवळा पाइप ड्रायव्हरचा पाय किती दाबलाय ते सांगतो. २०१५ पासून नव्या जड ट्रकना एबीएसही सक्तीचं झालं.

कारमागे ओढायच्या मोठ्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये हवेचा पंप नसतो, तिथे वीज वापरतात. ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो, कारमधला कंट्रोलर त्याला करंट देतो. अपग्रेड करणारे लोक ड्रम काढून हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवतात, कारण लांब उतारावर ड्रम तापतो आणि त्याची पकड सुटते. पण ट्रेलरवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच आहे: एक छोटी बॅटरी आणि कारला बांधलेल्या वायरची एक पिन. ट्रेलर सुटला की पिन उपसली जाते आणि बॅटरी पूर्ण ब्रेक लावते. १८७२ चाच विचार, खिशात मावणारा. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे, त्यामुळे असे ट्रेलर इकडेही दिसतील तेव्हा आधी ही पिन शोधा.

धानाच्या ट्रॉलीला हायड्रॉलिक ब्रेक लावता येतो, ट्रॅक्टरला तशी जोडणी हवी. नवी ट्रॉली बनवून घेताना ॲक्सलला ब्रेक ड्रम घ्यायचा की नाही हे विचारायची वेळ तीच असते, नंतर कुणी तोडफोड करत नाही. आणि जोडणीच्या पिनसोबत सुरक्षा साखळी, ती तर आजच लावता येते.

एक गोष्ट मात्र हवेचा ब्रेक करू शकत नाही. उभ्या गाडीतून हवा हळूहळू गळते. ६ जुलै २०१३ ला कॅनडात लाक-मेगांतिक गावाच्या वर तेलाची गाडी उभी करून ठेवली होती, इंजिन बंद झालं, हवा गळली, हातब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. गाडी उताराने गावात शिरली, ४७ माणसं गेली. म्हणून उभ्या वाघिणीला आजही हातब्रेक आणि चाकाखाली लाकडी गुटका लागतो.

वेस्टिंगहाऊसच्या नावावर तीनशेहून जास्त पेटंटं जमा झाली. शनिवारी अर्धी सुट्टी देणाऱ्या पहिल्या काही कारखानदारांत तो होता. १९११ मध्ये इंजिनिअरांच्या संस्थेने त्याला पदक दिलं, पदकाचं नाव एडिसन. शेवटच्या वर्षांत तो मोटारगाडीला हवेचे शॉक ॲबसॉर्बर लावायच्या मागे होता. हवेने त्याला काही सोडलं नाही. १२ मार्च १९१४ ला तो गेला, आणि पोरवयात केलेल्या युद्धसेवेमुळे आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला जागा मिळाली. त्याच्या ब्रेक कंपनीची वारसदार वॅबटेक आज बिहारमध्ये मढौऱ्याला भारतीय रेल्वेसाठी डिझेल इंजिनं बनवते.

मालगाडी निघायच्या आधी शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, एका गोल काट्याकडे बघतो. इंजिनात ५ आहेत. इथे त्याच्या जवळपास आले की मधल्या सगळ्या वाघिणींचा पाइप अखंड आहे. मग तो हिरवा झेंडा दाखवतो.